एक थर जास्त

३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि दिवसभर दोन मुलांवर ओरडून झाल्यावर मला आणखी ओरडायची ताकद उरत नाही, म्हणून पत्रच लिहिते.

प्रश्न साधा आहे. तू पंचवीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये लोकांना कोट वाटलेस, उणे अठराच्या खोलीत माणसं आत-बाहेर केलीस. तेव्हा हे तुलाच ठाऊक असणार. बाहेर किती अंश असले की मुलांना किती कपडे घालायचे? एखादा तक्ता आहे का?

इथे राहायला येऊन आम्हाला तीन महिने झाले. या गावच्या हवेला काही धरबंध नाही. सकाळी धुकं, दुपारी ऊन, आणि चार वाजता वारा असा सुटतो की आमच्या दोरीवरचे मोजे शेजाऱ्यांच्या गॅलरीत जातात. मी सकाळी खिडकीतून हात बाहेर काढते, गार लागतं, आणि मग सुरू होते बांधाबांध. भुंगीला बनियन, फ्रॉक, स्वेटर, कोट, कानटोपी. (सहा वर्षांची झाली तरी तिची भुणभुण तशीच आहे, त्यामुळे नाव बदलायचं कारण पडलेलं नाही.) धाकटा बोका आठ महिन्यांचा आणि दहा किलोंचा. त्यालाही तेवढंच सगळं आणि वरून लोकरीचं पांघरूण. पाऊण तास जातो. सगळं चढवून झालं की भुंगीला शू लागते.

एवढं करून काय, तर पाळणाघराच्या बाईंनी बोक्याच्या पिशवीत चिठ्ठी टाकली. बाळ घामाघूम होऊन येतं, मानेवर पुरळ आलंय, हवा बघून कपडे घालत जा. मी हवा बघूनच घालते, आत्या. भुंगीने महिन्याभरात तीन स्वेटर हरवले. कुठे काढून ठेवते ते तिचं तिलाच माहीत.

कामावरही माझं लक्ष नाही. दहा वर्षं कवळ्या बनवतेय, आणि गेल्या आठवड्यात एका आजोबांच्या कवळीत मी दोन्ही बाजूंना डावेच सुळे बसवले. मालकांनी ती नुसती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. 

आता खरं कारण सांगते. सासूबाई दहा जानेवारीला येणार आहेत आणि थंडी संपेपर्यंत दोन्ही मुलांना घेऊन जाणार आहेत. भुंगीचा बाबा म्हणतो, तेवढाच तुला आराम, तू जरा पहिल्यासारखी हो. गोड बोलतो, त्यामुळे भांडताही येत नाही. पण मला मुलं पाठवायची नाहीत. हे एक कपड्यांचं जमवून दाखवलं, तर बाकीचंही हिला जमतंय असं त्याला वाटेल. म्हणून तक्ता पाठव.

तुझी
ठमी


८ नोव्हेंबर

ठमे,

तक्ता नाही. असता तर मी तो छापून विकला असता आणि आज बंगल्यात बसून तुला पत्र लिहिलं असतं.

तक्ता नाही, पण पद्धत आहे. आमच्या कपड्यांच्या खोलीत दारावर पाटी होती. ‘आत जाणाऱ्याला विचारू नका, बघा.’ कारण विचारलं की माणूस म्हणतो, मी ठीक आहे. गारठलेला तर हमखास म्हणतो. थंडी आधी डोकं बधिर करते आणि मग माणसाला आपण उत्तम आहोत असं वाटायला लागतं. म्हणून आत जायच्या आधी जोडीदाराने कॉलरमध्ये दोन बोटं घालून मानेची मागची बाजू बघायची. ऊबदार आणि कोरडी लागली तर जा आत. ओली लागली तर बनियन बदल, कारण आत गेल्यावर तोच घाम तुझा वैरी होतो. गार लागली तर बस बाहेर गरम पाणी पीत. स्वतःची मान स्वतः बघायची नाही, दुसऱ्यानेच बघायची. मॅनेजर आत निघाला तरी हाच नियम. त्याच्या कॉलरमध्ये बोटं घालायला रांग लागायची.

तेव्हा मुलांचे हात बघू नकोस. पोरांचे हात आणि नाकाचे शेंडे कायम गारच असतात, त्यांना काही अर्थ नसतो. मान बघ.

आणि थरांचं म्हणशील तर सोपं आहे. तू स्वतः ज्या कपड्यांत आरामात आहेस ते मोज. भुंगी दिवसभर पळते, तिला तुझ्याइतकेच. बोका पडून असतो, त्याला तुझ्यापेक्षा एक थर जास्त. डोळे मिटून कर, चुकणार नाही.

मला वाटतं तुमच्या घराच्या खिडक्यांना फटी असणार. भाड्याच्या घरांत असतातच. जावईबापू दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांना म्हणावं एक रविवार स्वतःच्या खिडक्यांना द्या.

सोबत बोक्यासाठी दोन लोकरीच्या बंड्या पाठवतेय. दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, त्यांना आतून मऊ अस्तर लावलंय. पंचाहत्तरी झाली तरी मशीनवरून उठत नाही. काल शेजाऱ्याच्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटवत बसला होता आणि मला सांगत होता की हल्लीच्या कापडात दम नाही. मी म्हटलं, हल्लीच्या शिंप्यांत तरी कुठे आहे.

तुझी
आत्या


१७ नोव्हेंबर

आत्या,

रागावून लिहितेय, आधीच सांगते.

तू म्हणालीस तसंच केलं. मी तीन घालते, म्हणून भुंगीला तीन आणि बोक्याला चार, त्यात तुझी बंडी धरून. मान बघायचं म्हणालीस तेही केलं. मला ती गरम लागली, पण माझे हात इतके गार असतात की मला हल्ली सगळंच गरम लागतं.

मंगळवारी अकराला पाळणाघरातून फोन आला की बाळाचं अंग तापलंय, लगेच या. अर्धवट कवळी टाकून धावत गेले. भुंगीचा बाबाही कुठल्यातरी सातव्या मजल्यावरून आला, हाताला तेल तसंच. डॉक्टरांनी बोक्याला तपासलं, घसा बघितला, कान बघितले. मग त्याचे कपडे एकेक करून उतरवायला लागले आणि खुर्चीवर ठेवत गेले. ढीग झाला. अर्ध्या तासात ताप उतरला आणि बोका डॉक्टरांची नळी ओढत हसायला लागला. डॉक्टर म्हणाले, बाळ आजारी नाही, उकडून निघालंय.

मी त्या ढिगाकडे बघत बसले होते. भुंगीच्या बाबाने घरी येऊन त्याच्या आईला फोन लावला. आता सासूबाई जानेवारीत नाही, पंधरा डिसेंबरलाच येतायत.

तुझा नियम चुकला, आत्या. नाहीतर मी चुकतेय, आणि मुलांना त्यांच्याकडे पाठवलेलंच बरं.

ठमी

(खाली भुंगीला चार ओळी लिहायच्या आहेत म्हणे.)

आत्याआजी मी भुंगी. बोक्याला बंडी टोचत नाही पण त्याला राग येतो. मी स्वेटर हरवले नाहीत मी ते शाळेच्या कपाटाच्या मागे ठेवते कारण मला उकडतं. आईला सांगू नकोस. आई घरातपण टोपी घालते. बाबा घरात बनियनवर असतो. आई कामावरून आली की टोपी घालून झोपते मग मी बोक्याला वाजवायला डबे देते.


२२ नोव्हेंबर

ठमे,

रागाव. माझ्या नियमामुळे बोक्याला डॉक्टर बघावा लागला, तेव्हा मला दोन शब्द ऐकावेच लागतील. चूक झाली. पंचवीस वर्षांत माझ्या हाताखालचं एक माणूस गारठलं नाही, आणि एका बाळाला मी पत्राने उकडलं.

पण माझ्या मनात एक वेगळंच घोळतंय. भुंगीच्या ओळी मी पाच-सहा वेळा वाचल्या. (कपाटामागचं तू वाचलेलंच असणार. तिला रागावू नकोस. त्या घरात सगळ्यात शहाणी तीच दिसते.) घर एकच. हवा एकच. जावईबापू बनियनवर, पोरगी स्वेटर लपवतेय, बाळ तापतंय, आणि तू टोपी घालून झोपतेस. हे कसं?

मला उत्तर नको, नोंद हवी. आमच्याकडे कुठल्या खोलीचं काही कळेनासं झालं की आम्ही आठवडाभर नोंदवही ठेवायचो. तू पाच दिवस ठेव. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. बाहेर किती अंश, घरात किती अंश. मग चौघांची नावं, प्रत्येकाच्या अंगावर काय आणि मान कशी. मुलांना आता जावईबापूंच्या मापाने कपडे घाल, तुझ्या नाही. मान बघायचं काम भुंगीला दे, सगळ्यांची मान तीच बघेल. तुझीसुद्धा. तू स्वतःची बघायची नाहीस.

आणि मुलं पाठवायचा विचार वही भरेपर्यंत करू नकोस.

आत्या


३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

वही झाली. फार मजा आली, खरंच सांगते. भुंगीने तर कमरेला पट्टा लावून त्यात पेन्सिल खोचली होती. सातच्या ठोक्याला ‘मान दाखवा’ म्हणत घरभर फिरायची. तिच्या बाबाची मान तिने दोनदा तपासली कारण त्याला गुदगुल्या होतात.

नमुन्याला एक दिवस देते. बुधवार, सकाळी सात. बाहेर अकरा, घरात एकवीस. बाबा बनियन आणि पायजमा, मान ‘गरम, सुकी’. भुंगी फ्रॉक, पातळ स्वेटर, मान ‘गरम, सुकी, मी स्वतः नाही बघितली, बाबाने बघितली’. बोका झबलं आणि बंडी, मान ‘गरम, सुकी, दुधाचा वास’. आई दोन स्वेटर, शाल, टोपी, दोन जोड मोजे, मान ‘लोण्यासारखी गार आणि खरखरीत’. पाचही दिवस, दोन्ही वेळा, माझ्यापुढे हेच.

निकाल असा की मुलांचा प्रश्न सुटला. बोक्याचं पुरळ गेलं. पाळणाघराच्या बाई परवा माझ्याशी हसून बोलल्या. भुंगीने कपाटामागचे तीन स्वेटर आणले आणि चौथा कुणाचा तरी भलताच. म्हणजे तुझा नियम बरोबरच होता, फक्त मोजपट्टी चुकीची घेतली. मापाला मी चालत नाही, एवढंच. मी पहिल्यापासून थंडीला भित्री आहे असं समजू.

तू म्हणालीस तशा खिडक्याही बघितल्या. फटी नाहीत. पलंगावरची जागा बदलली, मी भिंतीकडे आणि तो खिडकीकडे. मला काही फरक पडला नाही आणि तो घोरायला लागला.

आता सासूबाई येऊ देत. वही त्यांच्या हातात देईन. मुलांना कसं कपड्यांत ठेवायचं ते मला आता कळतं, हे त्यांना मान्य करावंच लागेल. बाकी थकवा आहे तो जाईल हळूहळू. बोका झाल्यापासून झोप कुठे झालीय.

तुझी
ठमी


४ डिसेंबर

ठमे,

वही छान आहे. पण तू तिचा निकाल चुकीचा लावलास.

माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. मला नको, स्वतःला दे. तुला पहिल्यापासून एवढी थंडी वाजायची का, की बोका झाल्यानंतर? कारण माझ्या आठवणीत तू थंडीतही अनवाणी फिरायचीस आणि मी ओरडायचे. केस गळतायत का? त्वचा कोरडी पडलीय का? भुंगी ‘खरखरीत’ म्हणते. जेवण तेवढंच असून वजन वाढलंय का? आवाज जड झालाय का? झोप झाली तरी झोप येते का? डावे सुळे दोन बसवणारी तू नाहीस, ठमे. तू बाहुलीचे दातसुद्धा मोजणारी मुलगी होतीस.

आमच्याकडे पेट्या मोजणारा एक जण होता. दोन कोट घालायचा तरी कुडकुडायचा, बसल्या जागी पेंगायचा, आकडे चुकवायचा. सगळे त्याला कामचुकार म्हणायचे. कंपनीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर थायरॉइडचं दुखणं निघालं. रोज एक गोळी सुरू केली आणि दोन-तीन महिन्यांत तो माणूस आमच्या सगळ्यांच्या आधी दारात हजर.

मी डॉक्टर नाही. माझं चुकतही असेल, आत्ताच एकदा चुकलंय. पण तू हे पत्र वाचून खाली ठेवशील तेव्हा चपला घालायच्या आणि रक्त द्यायला जायचं. सोमवारी नाही, बोक्याचं झोपणं बघून नाही. लगेच. का एवढी मागे लागलेय ते नंतर सांगेन.

आत्या


१६ डिसेंबर

प्रिय आत्या,

गेले. खरं तर चिडूनच गेले, म्हटलं आत्याचं समाधान होऊ दे. रक्त देऊन कामावर परतले आणि विसरून गेले. तीन दिवसांनी डॉक्टरांनी स्वतः फोन केला आणि आजच या म्हणाले.

जो आकडा चार-पाचच्या आत असायला हवा तो माझा अठ्ठ्याहत्तर आहे. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर काही बायकांची थायरॉइडची ग्रंथी अशी मंदावते. तुम्ही या अवस्थेत नोकरी कशी करत होतात? मला एकदम रडू आलं. त्यांना वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते, आत्या. आठ महिने मी रोज स्वतःला सांगत होते की तू आळशी झालीस, तुला मुलं आवडत नाहीत, तुला काहीच धड जमत नाही. आणि तो कागद सांगत होता की तसं काही नाही. मला आनंद झाला होता. आजाराचा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

भुंगीच्या बाबाने रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाला, “मला वाटलं तुला इथे करमत नाही, किंवा माझ्याबरोबर करमत नाही.” तोही आठ महिने एकटाच काहीबाही समजून बसला होता.

सासूबाई काल आल्या. दोन रिकाम्या बॅगा घेऊन, मुलांच्या कपड्यांसाठी. चहा प्यायच्या आधीच मी रिपोर्ट त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, मुलं इथेच राहतील.  त्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि माझ्याकडे नाही, मुलाकडे वळल्या. म्हणाल्या, “बायको घरात टोपी घालून बसते आणि तू मला फोनवर सांगतोस ती आळसावलीय. लिफ्टचा आवाज बदलला तर तुला खाली उभं राहून कळतं ना?” मग त्यांनी दोन्ही बॅगा पलंगाखाली सरकवल्या आणि त्याच राहिल्या. फेब्रुवारीपर्यंत. मुलं जात नाहीत, याचा मला किती आनंद झाला ते काय सांगू. फक्त त्यांनी आल्या आल्या माझे सगळे मसाल्यांचे डबे उलटे लावून ठेवलेत आणि बोक्याला मी चुकीच्या हाताने धरते असं त्यांचं म्हणणं आहे.

गोळी सुरू झाली आहे, रोज सकाळी उपाशीपोटी. गुण यायला काही आठवडे जातील म्हणे. आता सांग, तू एवढी मागे का लागली होतीस? मला तुझं अक्षर बघून भीती वाटली होती. शेवटच्या ओळीत तर कागदच फाटलाय.

तुझी
ठमी


२१ डिसेंबर

ठमे,

तुझं पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आता ते सांगते. सांगायचं नव्हतं, पण तू विचारलंस.

तुझ्या आईचं असंच होतं.

तू झालीस त्या वर्षापासून वहिनीला थंडी वाजायला लागली. भर उन्हाळ्यात शाल. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा. हळू चालायची, हळू बोलायची, दुधावर नजर ठेवून उभी असायची तरी दूध ऊतू जायचं. आम्ही तिला रजईबाई म्हणायचो. हे नाव मी पाडलं. दादाने तिला कापूस भरलेलं जाकीट शिवून दिलं, खास, गळ्यापर्यंत बटणं असलेलं. ते तिने घातलं आणि घरात सगळे हसलो. तीही हसली. ते जाकीट तिने वीस वर्षं वापरलं. मग एका सकाळी ती उठलीच नाही. हृदय थांबलं म्हणाले. एक्कावन्न वय.

तिला नक्की काय झालं होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण तपासलंच नाही. पण मी रोज चाळीस माणसांच्या कॉलरमध्ये बोटं घालत होते, ठमे. पाटीवरचं वाक्य माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. घरी आले की तिच्याशेजारी बसून जेवायचे, आणि तिच्या मानेला एकदाही हात लावला नाही.

याहून वाईट पुढे आहे. तो पेट्या मोजणारा माणूस बरा झाला ते वहिनी जाऊन तीन वर्षं झाल्यावर. त्याचा आजार ऐकला त्याच दिवशी मला ती आठवली. कपड्यांच्या खोलीत मी कोट मोजत होते, आकडाच विसरले. तेव्हापासून दहा वर्षं मला हे ठाऊक आहे. दादाला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. म्हटलं, गेलेल्या माणसाबद्दल सांगून काय होणार. काय होणार होतं ते आता दिसतंय. हे आईकडून मुलीकडे येतं म्हणतात. तुला ठाऊक असतं तर पहिल्याच थंडीला तू रक्त दिलं असतंस.

मला वाटेल ते लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

आत्या


१९ जानेवारी

आत्या,

चार आठवडे लिहिलं नाही. मुद्दामच नाही लिहिलं.

दोन वेळा बसले होते. पहिल्यांदा लिहिलं ते फाडून टाकलं, फार वाईट होतं. बोक्याच्या अंगावरचे चार थर आठवायचे आणि वाटायचं, हिने एक ओळ कधी लिहिली असती तर. आठ महिने गेले नसते. मी माझ्या मुलांना ओझं समजत होते, आत्या, ते दिवस मला कुणी परत देणार नाही. हे मी तुला माफ केलंय का, मला नक्की सांगता येत नाही. पण तू लपवलं असतंस तर मला कधी कळलंही नसतं, आणि तू लिहिलंस. दोन्ही खरं आहे.

माझी तब्येत सुधारतेय. गुरुवारी कामावर मेण वितळवताना मला उकडलं. मी आधी गोंधळलेच, हे काय होतंय. मग स्वेटर काढून खुर्चीला लावला आणि मालकांकडे बघून उगाच हसले. सकाळी मुलांना कपडे घालायला आता दहा मिनिटं पुरतात. भुंगीला विचारते, ती सांगते, बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. बोक्याला सासूबाई चोरून एक जास्तीचं झबलं चढवतात आणि मी चोरून काढते.

पण रात्रंदिवस डोक्यात आईच आहे. ती मला शाळेतून आणायला यायची तेव्हा फाटकाच्या खांबाला टेकून उभी असायची. सगळ्यांच्या आया गप्पा मारत, आणि माझी डोळे मिटून. मला तिची लाज वाटायची. मी तिला म्हटलं होतं, तू आत येऊ नकोस, कोपऱ्यावर थांब. आणि ती कोपऱ्यावर थांबायची. एवढं चालून, एवढी थकलेली असताना यायची, हे मला आत्ता कळतंय, कारण मी स्वतः पाळणाघराच्या जिन्यात भिंतीला धरून उभी राहिलेय.

बाबा अजून रजईबाईचे किस्से सांगतात. मागच्या भेटीत त्यांनी भुंगीला जाकिटाचा सांगितला, साभिनय. भुंगी पोट धरून हसली. मीही हसले.

तू बाबांना सांग. मी फोनवर सांगू शकणार नाही आणि पत्र ते वाचत नाहीत. या वयात त्यांना त्रास होईल हे मला कळतं. तरी सांग.

ठमी


२४ जानेवारी

ठमे,

सांगितलं.

तुझं पत्र दुपारी आलं. संध्याकाळपर्यंत मी भांडी घासली, घासलेली परत घासली. मग त्याच्या खोलीत गेले. तो कुणाच्या तरी शर्टाला काज करत होता. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं, पेट्या मोजणाऱ्यापासून तुझ्या अठ्ठ्याहत्तरपर्यंत. माझी दहा वर्षंही सांगितली. तो काज करतच होता. मला वाटलं ऐकत नाहीये.

मग सुई कापडात तशीच ठेवून म्हणाला, “तिला काही होत होतं तर तिने सांगायचं ना.”

मी म्हटलं, “सांगत होती, दादा. रोज सांगत होती. थंडी वाजते म्हणायची.”

 जेवायला आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसला पण मशीन चाललं नाही. माझ्याशीही बोलेना, आणि मी काही तक्रार केली नाही.

आज सकाळी शेजारचे घड्याळवाले कॉलर उलटवायला दिलेला शर्ट न्यायला आले. सोबत त्यांचा नवा जावई होता. त्यांना आपल्याकडे येऊन हसायची सवय लागलेली आहे, तुला माहीत आहे. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, “मास्तर, आमच्या जावयाला तो रजईबाईचा किस्सा सांगा की.” जावई आधीच हसायच्या तयारीत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

दादाने शर्टाची घडी घातली. कागदात बांधला, दोरा बांधला, दोरा तोडला. मग म्हणाला, “ती आजारी होती. आम्हाला कळलं नाही.”

तुझी
आत्या